४ मिनिटं ११ सेकंद

मित्राला हातउसने पैसे दिले होते. कागद नाही, पावती नाही, रक्कमही रोख. दोन वर्षं नुसतं ‘देतो रे’ ऐकल्यावर एकदा त्याच्याशी फोनवर बोलताना मी रेकॉर्डिंग सुरू केलं. त्याला सांगितलं नाही. तो स्पष्ट म्हणाला, “तुझे पैसे माझ्याकडेच आहेत, मी कुठं नाकारतोय?” पुढे मी पैशांसाठी दावा लावला, तेव्हा कोर्टात दाखल केलेल्या लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरात, मात्र त्याने नेमकं हेच नाकारलं.

चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्ट बघणारच नाही, अशी माझी समजूत होती. वकील मॅडमनी आर. एम. मलकानी खटल्याचा निकाल समोर ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलंय की संभाषणातल्या एकाच्या संमतीने केलेली टेप चालते. पुरावा मिळवण्याची पद्धत चुकीची असली तरी तो संबंधित आणि खरा असेल तर तेवढ्यावरून बाद होत नाही. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने घटस्फोटाच्या प्रकरणात पती-पत्नीमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही ग्राह्य धरलं. मी स्वतः त्या बोलण्यात होतो. दुसऱ्या दोघांचा फोन टॅप केला असता तर प्रकरण वेगळं झालं असतं.

घोडं अडलं ते दुसरीकडेच. मॅडमना मी पाठवलेली फाइल साडेतीन मिनिटांची होती. सुरुवातीचे ४१ सेकंद मीच कापले होते, कारण त्यात मी त्याला वाटेल तसं बोललो होतो. त्याची आई आजारी असल्याचं तो सांगत होता आणि मी ऐकूनही घेतलं नाही. ते कोणाच्या कानावर जाऊ नये असं मला वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, “पुरावा उडवायला समोरच्या वकिलांना एवढं कापलेलं पुरेसं आहे. मूळ फाइल कुठे आहे?”

नशिबाने ती फोनमध्ये होती. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र करावं लागलं. भाग ‘अ’ मी भरला, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो, म्हणजे फाइलवरून काढलेली आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ. तज्ज्ञाने दोन्ही फाइलींचे हॅश एकाखाली एक दाखवले. दोन्ही ओळी पूर्णपणे वेगळ्या. पूर्वी हेच प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली लागायचं. मूळ उपकरणच कोर्टात हजर करून सिद्ध केलं तर त्याची गरज नसते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं होतं. पण आम्ही धोका पत्करला नाही. फोन सीलबंद पाकिटात दिला, प्रमाणपत्रही जोडलं, आणि संभाषण शब्दन्‌शब्द लिहून दिलं, माझ्या शिव्यांसकट.

उलटतपासणीत पहिला प्रश्न आला, “रेकॉर्ड करतोय हे प्रतिवादीला सांगितलं होतं का?” मी ‘नाही’ म्हणालो. माझा घसा कोरडा पडला होता. न्यायाधीशांनी उत्तर लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. त्यानंतर जवळपास तासभर आवाज कोणाचा, फोन कोणाकोणाच्या हातात होता आणि कुठे काटछाट झाली का, हेच चाललं होतं. मित्राने आवाज आपला नसल्याचं सांगितलं, म्हणून आता आवाजाची तपासणी व्हावी असा अर्ज दिलाय.

संपूर्ण रेकॉर्डिंग वाजलं तेव्हा मी खाली बघत होतो. तो समोरच उभा होता. त्याच्या आईचा उल्लेख आला तेव्हा त्यानेही मान खाली घातली.