हॉकीचे कपाट आणि मालकांचे हिशेब

कॅनडातील कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयात ड्यूई दशांश वर्गीकरणाचा ७९६.९६२ हा क्रमांक शोधत गेले, की आइस हॉकीच्या पुस्तकांपाशी पोहोचता येते. टोरंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शंभर शाखा आहेत, आणि आमच्या घराजवळच्या लहानशा शाखेतही या एका खेळाने क्रीडाविभागाची चांगली ऐसपैस जागा अडवलेली आहे. ही पुस्तके मी गेली काही वर्षे सातत्याने वाचते आहे. सामने पाहण्याची गोडी मला पुष्कळ नंतर लागली. आधी ओढ लागली ती या पुस्तकांची, कारण ज्या देशात आपण राहायला आलो तो देश स्वतःविषयी काय अभिमानाने सांगतो आणि काय सांगायचे टाळतो, हे दोन्ही या कपाटात शेजारी शेजारी सापडते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण उतरतात, त्यांपैकी एक गोलरक्षक असतो. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो. या खेळातील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिची स्थापना २६ नोव्हेंबर १९१७ रोजी मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात झाली, आणि आज कॅनडा व अमेरिका मिळून तिचे ३२ संघ आहेत. विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली चषक या लीगहूनही जुना आहे. कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी तो १८९२ मध्ये देऊ केला आणि १८९३ मध्ये तो पहिल्यांदा बहाल करण्यात आला.

या कपाटातील बरीचशी पुस्तके दिवाणखान्यात मांडून ठेवण्याजोगी असतात. गुळगुळीत कागद, मोठमोठी छायाचित्रे, संघाच्या पन्नाशीनिमित्त किंवा शंभरीनिमित्त काढलेले गौरवग्रंथ. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण आकडेवारी आणि छायाचित्रे त्यांच्याइतकी दुसरीकडे मिळत नाहीत. चार्ल्स कोलमन यांचे तीन खंडांचे ‘द ट्रेल ऑफ द स्टॅन्ली कप’ हे काम तर इतके चिकाटीचे आहे, की नंतरच्या अभ्यासकांना त्याच्यावाचून पुढे जाता आले नाही. मात्र तो ग्रंथ खुद्द लीगनेच प्रकाशित केला होता, आणि ही गोष्ट वाचकाने विसरता कामा नये. हॉकीच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक हातात घेतले, की त्यात फक्त गोल मोजलेले आहेत की पैसेही मोजलेले आहेत, हे मी आधी पाहते. गौरवग्रंथांत गोल असतात, चषक असतात, अश्रूही असतात. पगाराचा कागद मात्र क्वचितच असतो.

लीगच्या जन्माचेच उदाहरण घ्या. गौरवग्रंथांत तो काही दूरदर्शी सज्जनांच्या बैठकीसारखा रंगवलेला असतो. मॉरी होल्झमन आणि जोसेफ नीफोर्थ यांचे ‘डिसेप्शन्स अँड डबलक्रॉस’ हे २००२ मधील पुस्तक तीच बैठक वेगळ्या प्रकाशात दाखवते. टोरंटोच्या संघाचे मालक एडी लिव्हिंगस्टन हे इतर मालकांना डोईजड झाले होते. त्यांना संघटनेतून काढण्यापेक्षा बाकीच्यांनी नवी संघटना काढली आणि जुनी त्यांच्यापुरती रिकामी ठेवली. पुढे वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. शंभर वर्षे मिरवलेल्या संस्थेचा पाया एका भागीदाराला बाहेर ठेवण्यासाठी घातला गेला, ही माहिती कोणत्याही संघाच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या पुस्तकात ठळकपणे आढळायची नाही.

त्याही आधीचा काळ समजून घ्यायचा असेल तर एका पंतप्रधानांचे पुस्तक वाचावे लागते. ज्या देशाने हॉकीवरील एका बालकथेच्या सुरुवातीच्या ओळी काही वर्षे आपल्या पाच डॉलरच्या नोटेवर छापल्या, तिथे स्टीफन हार्पर यांनी पदावर असताना, २०१३ मध्ये, हॉकीच्या इतिहासावर ‘ए ग्रेट गेम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, यात लोकांना फार वावगे वाटले नाही. पुस्तकाचा विषय आहे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील टोरंटो. त्या काळी खेळासाठी पैसे घेणे म्हणजे प्रतिष्ठा गमावणे, असे ओंटारियोच्या हॉकी संघटनेचे धुरीण मानत, आणि एखाद्याने मानधन घेतल्याचा नुसता संशय आला तरी त्याला आजन्म बाहेर काढत. अर्थात हे धुरीण स्वतः वृत्तपत्रांचे आणि व्यापारपेढ्यांचे मालक होते. त्यांना खेळून पोट भरायचे नव्हते. खेळाडूला एखाद्या कारखान्यात किंवा पेढीत नावापुरती नोकरी देऊन संघात घेण्याची पळवाटही होतीच, आणि आपल्याकडे रेल्वेत किंवा बँकेत नोकरी मिळवून क्रिकेट वा कबड्डी खेळलेल्यांना ती व्यवस्था ओळखीची वाटेल. हार्पर यांची भाषा कोरडी आहे, तळटिपांचा भार जड आहे, पण १९०६ ते १९०९ एवढेच आयुष्य लाभलेल्या ‘टोरंटो प्रोफेशनल्स’ या विस्मृत संघाला त्यांनी पुन्हा इतिहासात बसवले, हे मान्य करायला हवे.

मला सर्वाधिक अस्वस्थ करणारे पुस्तक मात्र डेव्हिड क्रूझ आणि ॲलिसन ग्रिफिथ्स यांचे ‘नेट वर्थ’ हे आहे. १९९१ मध्ये आलेल्या या पुस्तकाने खेळाडूंच्या कमाईचा सगळा हिशेबच वाचकांपुढे मांडला. १९४२ ते १९६७ या काळात लीगमध्ये केवळ सहाच संघ होते, आणि जुने प्रेक्षक आजही त्या काळाला सुवर्णकाळ म्हणतात. खेळाडूच्या बाजूने पाहिले तर सहा मालक आणि शंभर-सव्वाशे जागा, एवढाच त्याचा अर्थ होता. करारातील एका कलमामुळे खेळाडू त्याच्या संघाला जवळजवळ कायमचा बांधलेला असे. तक्रार केली तर खालच्या दर्जाच्या लीगमध्ये रवानगी ठरलेली. सहकाऱ्याला किती पगार मिळतो हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाई, आणि या सभ्यतेचा सगळा फायदा मालकांच्या पदरात पडे. डेट्रॉइट रेड विंग्जकडून २५ मोसम खेळलेले गॉर्डी हाव हे त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. आपल्याला लीगमधील सर्वांत जास्त पगार मिळतो, अशी त्यांची वर्षानुवर्षे समजूत करून देण्यात आली होती. कारकिर्दीच्या अखेरीस बॉब बॉन या नव्याने संघात आलेल्या सहकाऱ्याने स्वतःचा पगार सांगितला, तेव्हा कुठे त्यांना कळले की हा साधा बचावपटू त्यांच्यापेक्षा बरेच अधिक कमावतो.

या व्यवस्थेविरुद्ध पहिला मोठा आवाज हाव यांच्याच शेजारी खेळणाऱ्या टेड लिंडसे यांनी उठवला. १९५७ मध्ये त्यांनी खेळाडूंची संघटना उभारली, मुख्यतः निवृत्तिवेतनाच्या निधीचा हिशेब मागण्यासाठी. तो मोसम त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम मोसमांपैकी एक होता, तरीही त्याच वर्षी त्यांची बदली तळाला असलेल्या शिकागोच्या संघात करण्यात आली. डेट्रॉइटच्या खेळाडूंनी माघार घेतली आणि १९५८ च्या सुरुवातीस ती संघटना संपुष्टात आली. लिंडसे हा गृहस्थ मला फार आवडतो. १९६६ मध्ये त्यांची निवड हॉकीच्या सन्मानदालनात झाली, परंतु सोहळ्याला बायकामुलांना प्रवेश नाही असे कळताच ते स्वतःही गेले नाहीत. खेळाडूंनी आपल्यातील सर्वोत्तमाला मते देऊन निवडण्याचा जो पुरस्कार आहे, त्याला २०१० पासून त्यांचेच नाव आहे.

पुढची कथा अधिक कडू आहे. १९६७ मध्ये खेळाडूंची नवी संघटना झाली आणि ॲलन ईगलसन हे वकील तिचे प्रमुख झाले. तेच अनेक खेळाडूंचे खासगी प्रतिनिधी, तेच आंतरराष्ट्रीय सामन्यांचे आयोजक, आणि संघमालकांशी त्यांची घनिष्ठ मैत्री. एकाच माणसाने इतक्या खुर्च्यांवर बसू नये, हे कोणाला वेळेवर सुचले नाही. बॉबी ऑर यांच्यासारखा महान बचावपटू ईगलसन यांच्यावर भावासारखा विश्वास ठेवून होता. १९७६ मध्ये ऑर बोस्टन सोडून शिकागोला गेले, तेव्हा बोस्टनने आपल्याला संघाच्या मालकीतला हिस्सा देऊ केला होता हे त्यांना ठाऊकच नव्हते. गुडघे निकामी होऊन ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हाती फारसे काही उरलेले नव्हते. हे सारे प्रकरण सर्वांत चिकाटीने खणून काढले ते मॅसेच्युसेट्समधील लॉरेन्स येथील ‘ईगल-ट्रिब्यून’ या लहानशा दैनिकाचे क्रीडासंपादक रस कॉनवे यांनी. त्यांचे ‘गेम मिसकंडक्ट’ १९९५ मध्ये आले. १९९८ मध्ये ईगलसन यांनी बोस्टन आणि टोरंटो अशा दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांत फसवणुकीचे गुन्हे कबूल केले, त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली, आणि जुन्या नामवंत खेळाडूंच्या दबावामुळे त्यांना सन्मानदालनातील आपले स्थान सोडावे लागले. लिंडसे ज्या निधीचा हिशेब मागत होते त्याचाही निकाल याच सुमारास लागला; १९९२ मध्ये ओंटारियोच्या न्यायालयाने निवृत्तिवेतनाच्या दाव्यात जुन्या खेळाडूंच्या बाजूने कौल दिला.

आता ज्या पुस्तकाचे नाव इथले वाचक सर्वांआधी घेतात त्याकडे वळते. केन ड्रायडन यांचे ‘द गेम’ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. ड्रायडन हे मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे गोलरक्षक. १९७१ मध्ये नियमित मोसमातील जेमतेम सहा सामन्यांच्या अनुभवावर त्यांना बाद फेरीसाठी गोलपुढे उभे केले गेले आणि संघाने चषक जिंकला. त्यानंतर १९७९ पर्यंत त्यांनी आणखी पाच चषक जिंकले. नियमित मोसमांतील ३९७ सामन्यांपैकी त्यांना फक्त ५७ गमवावे लागले. एवढ्या भांडवलावर कोणीही विजयगाथा लिहिली असती. ड्रायडन यांनी मात्र आपल्या शेवटच्या मोसमातील मोजके दिवस निवडले आणि सराव, विमानप्रवास, हॉटेलातील खोल्या, सहकाऱ्यांची थट्टामस्करी, प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांचा अंतर न सोडणारा स्वभाव, यांवर पुस्तक रचले. सामन्यांची वर्णने त्यात आहेत, पण ती ओघात येतात. गोलरक्षकाचे बरेचसे काम वाट पाहण्याचे असते, आणि तो संथपणा त्यांच्या गद्यातही उतरला आहे. त्या लेखनाचा दुसरा विशेष असा, की खेळ कसा बदलत गेला याचे त्यांनी केलेले विवेचन एखाद्या इतिहासकाराच्या तोडीचे आहे.

ते कायद्याचे पदवीधर होते, आणि हे त्यांच्या वाक्यावाक्यात जाणवते. १९७३-७४ चा पूर्ण मोसम ते खेळलेच नाहीत. संघ देत असलेला पगार त्यांना अपुरा वाटला, म्हणून ते सरळ टोरंटोच्या एका वकिली कचेरीत उमेदवारी करायला गेले. त्या वर्षी मॉन्ट्रियलला चषक मिळाला नाही, आणि पुढच्या मोसमात ते अधिक चांगल्या करारावर परतले. लिंडसे यांना जे संघटनेच्या बळावरही साधले नाही ते ड्रायडन यांना एकट्याने साधले, कारण त्यांच्यापाशी पोट भरण्याचा दुसरा मार्ग होता. शिक्षण अर्धवट सोडून खेळाकडे वळलेल्या त्यांच्या अनेक समव्यावसायिकांपाशी तो नव्हता. ड्रायडन पुढे खासदार आणि केंद्रीय मंत्री झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

शरीराने चुकवलेल्या किमतीबद्दलचे सर्वांत परिणामकारक पुस्तक म्हणजे जॉन ब्रँच यांचे ‘बॉय ऑन आइस’. डेरेक बूगार्ड हा महाकाय खेळाडू लीगमध्ये २७७ सामने खेळला आणि त्याने त्यांत केवळ तीन गोल केले. मारामारी करणे, हेच त्याचे काम होते. मे २०११ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, दारू आणि वेदनाशामक गोळ्या यांच्या मिश्रणाने त्याचा मृत्यू झाला, आणि नंतरच्या तपासणीत डोक्यावरील वारंवारच्या आघातांनी जडणारा मेंदूचा आजार त्याला झाल्याचे दिसून आले. हे पुस्तक वाचल्यापासून बर्फावर मारामारीसाठी हातमोजे टाकले गेले आणि प्रेक्षागृह उठून उभे राहिले, की मला बसूनच राहावेसे वाटते.

आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना, आणि इथल्या मूळ रहिवाशांनाही, या कपाटात उशिराच जागा मिळाली. फ्रेड सासाकामूस हे क्री समाजाचे. लहानपणी त्यांना घरापासून तोडून, मूळ रहिवाशांच्या मुलांना त्यांची भाषा-संस्कृती विसरायला लावणाऱ्या निवासी शाळेत नेण्यात आले, आणि तिथल्या यातनांमधून तरून ते १९५३-५४ मध्ये शिकागोकडून ११ सामने खेळले. त्यांचे आत्मचरित्र ‘कॉल मी इंडियन’ २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते पाहायला ते हयात नव्हते. आदल्या वर्षी करोनाने त्यांचा बळी घेतला होता. भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, ब्रिटिश कोलंबियातील रॉबिन बावा, १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून बर्फावर उतरला. पंजाबीतून हॉकीचे धावते वर्णन करणारे हरनारायण सिंग यांचे ‘वन गेम ॲट अ टाइम’ हे २०२० मधील पुस्तक हलकेफुलके आहे, थोडे गोडही आहे, तरी आठवडाअखेरीच्या एका कार्यक्रमासाठी कॅलगरीहून टोरंटोपर्यंत विमानाने ये-जा करणाऱ्या या तरुणाची धडपड वाचताना इथल्या कोणत्याही भारतीय घराला आपलीच आठवण होईल. मराठीतून हॉकीचे वर्णन ऐकायला मिळेल इतकी आपली संख्या इथे नाही, आणि पंजाबी शेजाऱ्यांच्या घरी बसून ते ऐकण्यात मला आता कमीपणाही वाटत नाही.

महिलांच्या व्यावसायिक हॉकीची पुस्तके अजून फार थोडी आहेत. तिची नवी लीग १ जानेवारी २०२४ रोजी टोरंटोतच सुरू झाली. त्या लीगच्या खेळाडूंनी आपल्या संघटनेचा सामूहिक करार जुलै २०२३ मध्ये, म्हणजे संघांना नावे आणि शहरे मिळण्याच्याही आधी, मतदानाने मंजूर करून घेतला होता. पगार, प्रवास, निवास, बाळंतपणाची रजा, सगळे कागदावर आले आणि मग पहिला पक बर्फावर पडला. त्या वाटाघाटींचा साद्यंत वृत्तान्त कोणी लिहिला, तर ग्रंथालयातील प्रतीक्षायादीत पहिले नाव मी माझे घालणार आहे.