चौसष्ट प्रोसेस कुणाची वाट बघतात?

नर्मदेच्या पुराचं सिम्युलेशन हा माझा पीएचडीचा विषय. इंदूरला आमच्या लॅबच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, कोड 16 प्रोसेसवर झकास पळायचा; नदीचा परिसर तुकड्यांत वाटायचा आणि एकेका प्रोसेसने आपला तुकडा सोडवायचा. 64 वर नेला की वेग जेमतेम दुप्पट. "अगं, नेटवर्क स्लो आहे," असा निकाल लॅबमधल्या सीनियर दादांनी देऊन टाकला. वर आमडालचा 1967 चा नियम: 5 टक्के काम सीरियल, म्हणजे वाटून न देता येणारं, राहिलं तर कितीही प्रोसेसर लावा, वेग वीसपटीपुढे जात नाही. नियम खरा, पण माझं काम अडतंय कुठे हे तो कसं सांगणार?

जागोजागी प्रिंट टाकून वेळ मोजायच्या फंदात मी पडले नाही. चौसष्ट प्रोसेस एकदम बोलायला लागल्या की आउटपुटचा मासळीबाजार होतो. स्कोर-पी हे कोडच्या कुठल्या भागाला किती वेळ लागतो ते मोजणारं टूल घेतलं. कंपाइलरच्या कमांडआधी त्याचं नाव जोडायचं आणि कोड पुन्हा कंपाइल करायचा, बस. पहिलाच रन मात्र भयंकर रेंगाळला, कारण लाखो वेळा बोलावल्या जाणाऱ्या चिमुकल्या फंक्शनांचीही नोंद होत होती. ती फिल्टर फाइलमध्ये टाकून मोजणीतून वगळली. मोजणीसकट आणि मोजणीविना लागणारा वेळ जवळपास सारखा आल्याशिवाय पुढच्या आकड्यांकडे बघूच नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रोफाइलमध्ये, म्हणजे वेळेच्या गोषवाऱ्यात, सगळ्यात जास्त वेळ ऑलरिड्यूसमध्ये दिसला; सगळ्या प्रोसेसकडून आकडे घेऊन एकत्रित उत्तर सगळ्यांना देणारा हा कॉल. दादा खूश: नेटवर्कच! पण तिथे मी प्रत्येक प्रोसेसकडून टाइमस्टेपचा (सिम्युलेशन वेळेत किती पुढे सरकवायचं त्याचा) एकच आकडा, म्हणजे 8 बाइट, गोळा करत होते. त्याला इतका वेळ?

मग ट्रेस, म्हणजे कुठली प्रोसेस कधी काय करत होती त्याची क्रमवार नोंद, काढून स्कॅलास्का या विश्लेषणाच्या टूलमध्ये टाकला. तो कॉलमधला वेळ फोडून दाखवतो: प्रत्यक्ष देवाणघेवाण किती, नुसतं थांबणं किती. जवळजवळ सगळं थांबणंच होतं: शेवटची प्रोसेस पोचेपर्यंत बाकीच्या ताटकळत होत्या. सगळ्यात शेवटी पोचणाऱ्या प्रोसेस नकाशावर बघितल्या, तर त्या नदीपात्राच्या! कोरडे सेल (नकाशाचे पाणी नसलेले छोटे तुकडे) कोड वगळतो, त्यामुळे क्षेत्रफळ सारखं वाटून दिलं तरी काम सारखं वाटलं जात नव्हतं.

आता मेटिस या वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला ओल्या सेलचं वजन जास्त देऊन वाटणी करते. 64 वरचा वेग चांगलाच सुधारला. पण पूर पसरला की ओले सेल बदलतात, वाटणी पुन्हा करावी लागते, आणि तिलाही वेळ लागतोच. ती किती टाइमस्टेपनंतर परवडते, ते सध्या मोजतेय.