काताकाता आणि गातागाता

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून नुकतीच रुजू झाले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. जपानहून आलेले एक अभियंता एका यंत्रासमोर उभे राहून म्हणाले, की काल हे ‘काताकाता’ वाजत होते, आज ‘गातागाता’ वाजते आहे. मी दोन्ही शब्दांसाठी ‘खडखड’ हा एकच शब्द वापरला. आमच्या फोरमनसाहेबांनी साहजिकच विचारले, “म्हणजे आवाज कालचाच आहे ना?” त्या प्रश्नासरशी माझ्या लक्षात आले, की वाक्यातली खरी बातमीच मी गाळली होती. आवाज कालच्यापेक्षा जड झाला होता, म्हणजे कुठला तरी भाग आणखी सैल झाला होता, आणि हे सारे त्या अभियंत्यांनी एका अक्षराच्या फरकाने सांगितले होते.

‘काल खटखट होत होती, आज खडखड होते आहे’ असे मला सहज म्हणता आले असते. ‘ट’चा ‘ड’ झाला की आवाज जड होतो हे मराठी कानाला कोणी शिकवावे लागत नाही. जपानीत हेच काम ‘क’ आणि ‘ग’, ‘स’ आणि ‘झ’, ‘त’ आणि ‘द’ या जोड्या करतात, आणि तेही मराठीपेक्षा कितीतरी अधिक नियमितपणे. लहान गोटी घरंगळते ती ‘कोरोकोरो’, मोठा धोंडा घरंगळतो तो ‘गोरोगोरो’. तारे ‘किराकिरा’ चमकतात, तर डोळ्यांना खुपणारे प्रखर ऊन ‘गिरागिरा’ असते. मऊ, सुळसुळीत केस ‘सारासारा’ आणि खरखरीत भिंत ‘झाराझारा’. दारावर हलकी थाप ‘तोनतोन’, जोरात धडका मारल्या तर ‘दोनदोन’. लिपीतही हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ‘का’च्या अक्षरावर दोन लहान रेघा दिल्या की त्याचाच ‘गा’ होतो.

‘गोरोगोरो’ या शब्दापाशी मी बरेच दिवस रेंगाळले होते. धोंडा घरंगळण्यासाठी जो शब्द, तोच आकाशातल्या गडगडाटासाठी आहे, आणि आपल्याकडेही ढग गडगडतात, तसाच धोंडाही डोंगरावरून गडगडत खाली येतो. सुटीच्या दिवशी काहीही न करता घरात पडून राहणे हेही जपानीत ‘गोरोगोरो’च, आणि आपणही त्याला लोळणे म्हणतो. दोन भाषांचा परस्परांशी काहीही संबंध नसताना दोघींनी जडपणा, घरंगळणे आणि आळसावून पडणे यांची सांगड घालावी, याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो. मात्र हे साम्य शेवटपर्यंत साथ देत नाही. डोळ्यात कचरा गेल्यावर जपानी माणूस डोळा ‘गोरोगोरो’ करतो असे म्हणतो. आपला डोळा त्या वेळी खुपतो, तो गडगडत नाही.

आपण या शब्दांपाशी रिकाम्या हाताने जात नाही, हे मात्र खरे. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1969 साली दाखवून दिले होते, की असे अनुकरणवाचक शब्द भारतात भाषाकुळांच्या सीमा ओलांडून सर्वत्र आढळतात. रिमझिम, लखलख, कुरकुरीत, लुसलुशीत, ठणठणीत या शब्दांवर वाढलेल्या माणसाला, आवाज नसलेल्या गोष्टीलाही नादाचा शब्द असू शकतो, याचे नवल वाटत नाही. जपानीत प्रत्यक्ष आवाजाच्या शब्दांना ‘गिओन्गो’ आणि स्थिती किंवा रीत दाखवणाऱ्या शब्दांना ‘गिताइगो’ म्हणतात. जपानीच्या दोन अक्षरलिप्यांपैकी पहिले सहसा काताकानात आणि दुसरे हिरागानात लिहिण्याकडे कल असतो, पण तो काटेकोर नियम नाही. निःशब्द शांततेलाही तिथे ‘शीन’ असा शब्द आहे.

खरी कसोटी लागते ती दुखण्याच्या शब्दांत. एकदा एका जपानी सहकाऱ्याबरोबर मी डॉक्टरांकडे गेले होते. पोट ‘शिकुशिकु’ दुखते असे त्यांनी सांगितले, आणि मला तो शब्द फक्त मुसमुसून रडण्यासाठी माहीत होता, म्हणून मी अर्थ विचारून घेतला. ते दुखणे फार तीव्र नसते, पण मंदपणे, न थांबता चालू राहते. त्याऐवजी त्यांनी ‘किरीकिरी’ म्हटले असते, तर पोटात तीव्र कळा येतात असे सांगावे लागले असते. ‘झुकिझुकी’ म्हणजे ठसठस, ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचल्यासारखे, ‘हिरीहिरी’ म्हणजे चुरचुर, आणि ‘गानगान’ म्हणजे डोक्यात घण पडल्यासारखी ठणठण. इथे अंदाजाने बोलणे मला आजही मान्य नाही, कारण समोरचा डॉक्टर त्याच शब्दावरून पुढची दिशा ठरवत असतो.

शब्दाचे रूपही अर्थ बदलते. ‘कोरोकोरो’ म्हणजे घरंगळत राहणे. ‘कोरोत्तो’ म्हणजे एकदम, एका क्षणात. ‘कोरोरी’ म्हणजे एकदाच अलगद कलंडणे. आपल्या ‘टपटप’ आणि ‘टपकन’ यांच्यात असेच अंतर आहे. त्याहून अवघड आहे तो सुरांचा चढउतार, ज्याकडे बहुतेक वर्गांत पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. ‘काराकारा’ हा शब्द ‘तो’ हा प्रत्यय घेऊन क्रिया कशी घडते ते सांगतो, तेव्हा पहिले अक्षर उंच सुरात येते आणि मग सूर उतरतो. घसा ‘काराकारा’ झाला आहे, म्हणजे पार कोरडा पडला आहे असे म्हणताना मात्र तो उतार नाहीसा होतो आणि शब्द सपाट उच्चारला जातो. अर्थ पाठ करताना प्रत्यय आणि सूर यांच्यासह संपूर्ण वाक्यच पाठ करावे, असे मी आता नव्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते.

आणि मग प्रश्न येतो औचित्याचा. ‘निकोनिको’ हसणे प्रसन्न असते, तर ‘नियानिया’ हसण्यात काहीतरी मनात धरून हसल्याची छटा असते. वरिष्ठांच्या हसण्याचे वर्णन करताना ही चूक झाली, तर ती लहान ठरत नाही. ‘हाक्किरी’ (स्पष्टपणे) किंवा ‘युक्कुरी’ (सावकाश) यांसारखे शब्द रोजच्या भाषेत इतके मुरले आहेत, की ते आदरार्थी बोलण्यातही खटकत नाहीत. परंतु ‘काताकाता’सारखे शब्द औपचारिक अहवालात किंवा शोधनिबंधात सहसा येत नाहीत, कारण तिथे ते बोलभाषेतले आणि काहीसे बालिश वाटतात.

त्या यंत्राचा अहवाल मी लिहिला तेव्हा ‘गातागाता’ हा शब्द काढून मला ‘इओन’, म्हणजे असामान्य आवाज, असे लिहायला सांगण्यात आले, आणि ते योग्यच होते. तो अहवाल जपानला पोहोचल्यावर तिथल्या तंत्रज्ञांचा फोन आला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, आवाज नेमका कसा येतो? या वेळी मी न अडखळता सांगितले, की आदल्या दिवसापर्यंत काताकाता येत होता, आता गातागाता येतो आहे. त्यांनी लगेच पायाचे बोल्ट तपासायला सांगितले.