तुम्ही विचारलंत म्हणून: ढोल शिकवता, मग मोबाईलचे धडे कशाला?

गणपतीच्या आधी संध्याकाळी आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव नदीपात्रात चालतो. मुलांना घ्यायला आलेले पालक मला हमखास विचारतात, "ताई, वादन शिकवता ते उत्तम, पण नंतर मुलांना बसवून मोबाईलबद्दल एवढं काय सांगता? त्यापेक्षा सरळ काढूनच घेतला तर?" हा प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून त्याचं नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

पोरांना ऑनलाइन धमकावणाऱ्या माणसाचं सगळं भांडवल एकच असतं: "घरी कळलं तर?" त्याला तुमचं घर माहीत नसतं, तुमचा स्वभाव माहीत नसतो. पण पंधरा-सोळा वर्षांचं पोर आई-बाबांना सांगायला घाबरणार, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. "काही भानगड केलीस तर मोबाईल बंद" असं घरात आधीच बजावलेलं असेल, तर त्याचं अर्धं काम आपणच केलेलं असतं.

हे कसं घडतं ते मी मुलांना आडपडदा न ठेवता सांगते. इन्स्टावर एखाद्या मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते, गप्पा गोड होतात, मग व्हॉट्सॲपवर अश्लील व्हिडिओ कॉल. कॉल रेकॉर्ड होतो आणि काही मिनिटांत त्याचा स्क्रीनशॉट येतो, सोबत तुमच्या फॉलोअर्सची यादी: पैसे पाठव, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. कधी पाठोपाठ दुसरा फोन येतो, "मी पोलीस अधिकारी बोलतोय, व्हिडिओ काढून टाकायचा तर इतके भरा." तोही त्याच टोळीतला. यात मुलगेही मोठ्या संख्येने अडकतात, आणि मुलगे तर मुलींपेक्षाही कमी बोलतात. म्हणून हा भाग मी ताशाच्या पोरांसमोर मुद्दाम पुन्हा सांगते.

अशा वेळी काय करायचं तेही ठरलेलं आहे. पैसे द्यायचे नाहीत. चॅट डिलीट करायचं नाही. आधी मेसेज, प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी या सगळ्यांचे स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट आणि ब्लॉक. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, कारण पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत कळवलं तरच बँकांना ते रोखता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. असा नग्न फोटो अठराच्या आतल्या वयातला असेल तर 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुठे अपलोड होत नाही. फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी ॲप त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, कारण "आता काहीच होऊ शकत नाही" हीच त्यांची सगळ्यात मोठी भीती असते.

पासवर्ड, ओटीपी, टू-स्टेप व्हेरिफिकेशन यांवर मी फार वेळ घालवत नाही, ते मुलांना पटकन समजतं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे एक वाक्य मात्र पाठ करून घेते. आणि कॉलेजच्या पोरांना एक ताकीद: "तुझं बँक खातं वापरायला दे, कमिशन देतो" म्हणणाऱ्याला खातं द्यायचं नाही. फसवणुकीचा पैसा त्यातून फिरतो, खातं गोठतं आणि चौकशीत पहिलं नाव खातेदाराचं येतं.

आता आमच्या पथकाचंच घ्या. वादनाच्या रीलमध्ये टी-शर्टवर पथकाचं नाव, मागे ओळखीचा पूल, वर लोकेशन टॅग. म्हणजे ही मुलगी रोज संध्याकाळी कुठे असते, किती वाजता घरी निघते, हे कोणाही अनोळखी माणसाला कळतं. मिरवणुकीनंतर "तुझे मस्त फोटो काढलेत, या लिंकवर बघ" असे मेसेजही येतात. म्हणून आमचा नियम आहे: रील टाकायची तर घरी पोचल्यावर, लोकेशन न लावता. पथकाच्या पेजवर आम्ही अठराच्या आतल्या कुणालाही टॅग करत नाही.

मुलं मला विचारतात, "ताई, तुम्हाला सांगितलं तर कोणाला सांगणार नाही ना?" असं वचन मी देत नाही. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. अठराच्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, तर कळलेल्या व्यक्तीने पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे. लपवलं तर शिक्षा आहे. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, म्हणजे नंतर विश्वासघात वाटत नाही. मी एवढंच सांगते की तुला एकट्याला जावं लागणार नाही, आणि पुढचं प्रत्येक पाऊल आधी तुला माहीत असेल. दुसरी गोष्ट पथकातल्या सगळ्या मोठ्यांसाठी: "कुठला फोटो, दाखव, मला पाठव" असं कधीही म्हणायचं नाही. अल्पवयीन मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, मदतीच्या हेतूने केलं तरी. फोन मुलाच्याच हातात ठेवायचा आणि सोबत पोलीस ठाण्यात जायचं.

म्हणून, मोबाईल काढून घ्यावा का, तर अशा वेळी अजिबात नको. रागात फोन हिसकावून चॅट पुसलं गेलं की पुरावा जातो, आणि पुढच्या वेळी पोर तुमच्याकडे येत नाही. घरातली वेळेची शिस्त तुमची तुम्ही ठरवा, त्याला माझी ना नाही. पण "असं काही झालं तर रात्री दोनला उठव, मी ओरडणार नाही, फोनही घेणार नाही" हे आजच मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा. एवढं करूनही ते तुम्हाला सांगायला कचरलं तर त्याला १०९८ हा हेल्पलाइनचा नंबर माहीत असू द्या. तो मुलांसाठीच आहे, आणि आमच्या प्रत्येक वादकाच्या फोनमध्ये आम्ही तो सेव्ह करून घेतो.