बफिंग, एक नग

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि मागच्या खोपटात बफिंगची मोटर. कामं ठरलेली : साखर कारखान्याच्या पंपांचे शाफ्ट, फाउंड्रीवाल्यांचं मशीनिंग, हंगामाच्या तोंडावर गुऱ्हाळांचे चरक. त्यामुळे नवरात्राच्या दुसऱ्या माळेला एक गृहस्थ कापडी पिशवीतून स्टीलच्या सहा पट्ट्या घेऊन आले आणि "बोटीच्या आहेत" म्हणाले, तेव्हा मला आधी रंकाळाच आठवला.

"रंकाळ्यातली नाही हो. शिडाची. रत्नागिरीला खाडीत असते."

काका मर्चंट नेव्हीतले रिटायर्ड चीफ इंजिनिअर, राहायला ताराबाई पार्कात. बोट ३२ फुटी, फायबरची, १९७८ साली विलायतेत बांधलेली. यांनी सेकंडहँड घेतलेली. पावसाळ्याआधी वर काढून शाकारून ठेवली होती. दसरा झाला की पाण्यात टाकायची आणि नातवाला घेऊन मालवणपर्यंत जायचं, असा बेत.

पट्ट्या म्हणजे चेनप्लेट. डोलकाठी उभी राहते ती दोन्ही बाजूंनी ताणलेल्या तारांवर, आणि त्या तारा खाली या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात. मांडवाचे ताणे आणि खुंटी, तसलाच प्रकार. पट्टी डेकच्या फटीतून खाली जाते आणि आत बोटीच्या आडव्या भिंतीला बोल्टनं आवळलेली असते. शिडात वारा भरला की वाऱ्याकडच्या बाजूची सगळी ओढ हिच्यावर.

काकांचं म्हणणं एवढंच होतं, "गंज नाही काही, डाग पडलेत. बफ मारून आरशासारख्या करा."

पन्नास रुपये नग ठरला. तासाभराचं काम. आमच्या मामांनी (वडिलांच्या वेळेपासूनचे मिस्त्री, सगळे मामाच म्हणतात) पहिली पट्टी चाकावर धरली. पाच मिनिटांत चकाचक. पण वरच्या भोकापासून चारेक बोटं खाली केसाएवढी एक तपकिरी रेघ राहिली होती. परत बफ मारला. गेली. कापडानं पुसून मामांनी पट्टी उजेडाकडे तिरकी धरली, तर रेघ जागेवर. मग त्यांनी तिच्यावरून नख ओढलं.

"मालक, नख अडकतंय."

माझ्याकडे डाय पेनिट्रंटचे, म्हणजे न दिसणारे तडे शोधायच्या रंगाचे डबे असतात, कारखान्याच्या शाफ्टसाठी लागतात. पट्टी क्लीनरनं धुतली, लाल डाय मारला, दहा मिनिटं थांबलो, पुसून घेतला आणि वरून पांढरी पावडर फवारली. हे बघताना अजूनही माझ्या पोटात कालवतं. आधी सगळं पांढरं असतं, आणि मग आतून, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथून लाल रेघ उमलत येते. या पट्टीवर ती पार आडवी गेली, आणि बाजूला कोळ्याच्या पायांसारख्या बारीक फांद्या. मग बाकीच्या पाच काढल्या. सहातल्या चार तडकलेल्या, सगळ्या जवळपास त्याच उंचीवर. डेकमधून जिथं पार होतात, तिथं.

काकांना फोन केला. ते अर्ध्या तासात आले. बघून म्हणाले, "वरवरची असेल. स्टेनलेस आहे."

मी काही बोललो नाही. पट्टी व्हाइसमध्ये धरली, रेघ जबड्याच्या अगदी वर ठेवली आणि हातोडी मारली. तिसऱ्या ठोक्याला तुकडा खाली. आवाज स्टील वाकल्याचा नव्हता, कौल फुटल्यासारखा होता. तुटलेलं तोंड दोन रंगांचं : दोन तृतीयांश काळपट, म्हणजे कधीचं फाटलेलं; उरलेली पट्टी ताजी, चकचकीत. तेवढ्यावर डोलकाठी उभी होती.

काका स्टुलावर बसले. बराच वेळ तुकडा हातात फिरवत होते. "मे महिन्यात जयगडहून आलो," म्हणाले, "वीस नॉट वारा होता. मिसेस होत्या बरोबर." पोरगा चहा घेऊन आला तो तसाच गार झाला.

स्टेनलेसबद्दल आपल्याकडे फार भाबडा समज आहे. ते गंजत नाही याचं कारण वरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर. तो ओरखडला तर आपोआप भरून येतो, पण त्यासाठी त्याला हवेतला नाहीतर पाण्यातला ऑक्सिजन लागतो. डेकच्या फटीत जुनं सीलंट सुटतं, खारं पाणी आत साचतं, ऑक्सिजन पोचत नाही, आणि मिठातलं क्लोराइड मात्र तिथंच मुक्कामाला. म्हणून वाऱ्यापावसात उघडा राहिलेला भाग ठणठणीत आणि झाकून ठेवलेला भाग मेलेला. काका जन्मभर इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण स्वतःच्या घरचं दुखणं माणूस तपासत नाही.

सहाही नवीन करायच्या ठरल्या, ३१६ मध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या जातीच्या स्टेनलेसमध्ये. इथं माझी चूक सांगतो. आमच्या नेहमीच्या दुकानदाराकडून प्लेट आणली. त्यानं लोहचुंबक लावून दाखवलं, "बघा, चिकटत नाही. तीनशे सोळा." मी मान डोलावली आणि आणल्या आणल्या दोन पट्ट्या कापूनही टाकल्या. मामा म्हणाले, चुंबक तर तीनशे चारला पण चिकटत न्हाई की. खरंच की! तीनशे चार म्हणजे साधं, नेहमीचं स्टेनलेस. दोन्हींतला फरक असतो मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये तो दोन ते तीन टक्के असतो, आणि खाऱ्या पाण्यात तोच तर कामाचा. तुकडा घेऊन शिरोलीला एका फाउंड्रीत गेलो, ओळखीवर स्पेक्ट्रो मारून घेतला, म्हणजे धातूत काय किती आहे ते मशीनवर तपासून घेतलं. मॉलिब्डेनम जवळजवळ शून्य. दुकानदाराशी जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरी प्लेट आणली ती आधी स्पेक्ट्रोला, मग कटिंगला.

काकांना आता जाडी वाढवून हवी होती. सहा मिलिमीटरच्या होत्या, आठच्या करा म्हणाले. भीती बसली की माणूस जाडी वाढवतो. पण वर टर्नबकलचा, म्हणजे तार ताणायच्या स्क्रूचा जो दुबेळका असतो त्याच्या आत आठची पट्टी बसतच नव्हती. तो बदला, मग पिन बदला, मग तारेचं टोक बदला. सहाच ठेवली. वाकवण्याचा कोन मात्र जुन्या पट्टीवर टेम्प्लेट करून तंतोतंत घेतला, तारेच्या ओळीत नसेल तर पट्टी प्रत्येक झोक्याला वाकते आणि थकते. कानस, ग्राइंडरचं चाक, सगळं कोरं वापरलं. साध्या लोखंडावर चाललेलं चाक स्टेनलेसवर लोखंडाचे कण सोडतं. बोल्टसुद्धा नवे, डोक्यावर ए-फोर छापलेले, म्हणजे ३१६ च्याच जातीचे.

खंडेनवमीला मशिनं बंद असतात. त्या दिवशी लेथला हार, हत्यारांना हळदकुंकू, आणि पाटावर पान्यांच्या शेजारी या सहा पट्ट्या मामांनीच मांडल्या होत्या, वर झेंडू.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आंबा घाटानं रत्नागिरीला गेलो, बसवायला. डेकची फट उकरली तर आतलं बाल्सा लाकूड चहात पडलेल्या टोस्टासारखं. ते कोरून काढून, वाळवून, इपॉक्सी भरायचं म्हणजे आणखी तीन आठवडे. मालवण दिवाळीनंतर. काका काही बोलले नाहीत, फक्त नातवाला फोन लावून माझ्याकडे दिला. त्याला मी काय सांगणार? हो, तुझ्या आजोबांची बोट दवाखान्यात आहे म्हणालो.

बिलाला काका स्वतः आले. प्लेट, कटिंग, ड्रिलिंग, बेंडिंग, बोल्ट, स्पेक्ट्रोचे पैसे नाहीत, ते माझ्या चुकीचे. खाली एक ओळ मामांनी आपल्या अक्षरात घातली होती : जुनी पट्टी बफिंग, एक नग, ५० रुपये.

काका हसले. "ती तर तुम्ही फोडली."

"फोडायच्या आधी केलंय की बफिंग," मामा म्हणाले.