मोंतोने: टायबरच्या खोऱ्यातलं डोंगरगाव आणि माणगावचा यशवंत

रोमहून फ्लॉरेन्सला जाणारे आपले बहुतेक लोक वेगवान रेल्वेत बसतात आणि दीड तासात पोहोचतात. मधला सगळा उंब्रिया प्रांत खिडकीबाहेरून निघून जातो. आम्ही मात्र गाडी भाड्याने घेतली. कारण मला मोंतोने बघायचं होतं, आणि तिथे रेल्वे जात नाही. दादाने गाडी चालवायची, वहिनीने नकाशा बघायचा आणि मी इतिहास सांगायचा, अशी वाटणी निघण्याआधीच झाली होती.

सप्टेंबर सरत आला होता. उंब्रियाची राजधानी पेरूजा मागे पडली की रस्ता टायबर नदीच्या काठाने उत्तरेला जातो. रोममध्ये पुलांखालून वाहणारी टायबर ती हीच, पण इथे ती लहान आहे आणि दोन्ही काठांना शेतं आहेत. या खोऱ्यात तंबाखू फार पिकतो. पानं सुकवायच्या जुन्या विटांच्या भट्ट्या रस्त्यावरूनही ओळखू येतात. पुढे उम्बेर्तिदे लागतं. हे गाव सपाटीवर, नदीलगत वसलेलं आहे. 25 एप्रिल 1944 रोजी दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी इथला टायबरवरचा पूल पाडण्यासाठी बॉम्ब टाकले आणि ते शेजारच्या वस्तीवर पडले. जर्मनांना हुसकायला आलेल्यांच्याच बॉम्बनी गावातली माणसं मेली. पुढे डोंगरात जे बघणार होतो, त्याच्या आधी हे ठाऊक असलेलं बरं, म्हणून आम्ही तिथे थोडा वेळ थांबलो.

उम्बेर्तिदेपासून मोंतोने जवळच आहे. मुख्य रस्ता सोडून गाडी वळणं घेत चढायला लागली की तटाच्या आत दाटीने बसलेली दगडी घरं दिसतात. उंची साधारण 480 मीटर, वस्ती दीड हजाराच्या आसपास, आणि तीही बरीचशी खालच्या शेतांत विखुरलेली. गाडी वेशीबाहेरच ठेवावी लागते.

"दादा, इथेच लाव, आत गल्ल्या अरुंद आहेत," असं मी म्हणेपर्यंत त्याने गाडी लावलीही होती.

गावाचे तीन भाग आहेत आणि ते वेशींच्या नावाने ओळखले जातात: पोर्ता देल बोर्गो, पोर्ता देल मोंते आणि पोर्ता देल वेर्झिएरे. गल्ल्या चढाच्या, मध्येच पायऱ्या, दारांपुढे जिरेनियमच्या कुंड्या. दुपारी एक ते चार या वेळेत रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दुकानंही बंद असतात. पण भिंती, कमानी आणि घरांच्या फटीतून दिसणारी दरी निवांत बघायची तर हीच वेळ चांगली. सह्याद्रीतल्या गडांवर फिरलेल्या माणसाची नजर आपोआप तटाकडे जाते. वाट कुठून येते, वेशीवर मारा कुठून करता येईल, उतार कुठे तुटतो, हे सगळं मी आणि दादा बोटं दाखवून एकमेकांना सांगत होतो.

या गावाचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे आंद्रेआ फोर्तेब्राच्चो, ज्याला इतिहास ब्राच्चो दा मोंतोने या नावाने ओळखतो. जन्म 1368 चा. त्या काळी इटलीत शहरं, पोप आणि राजे पगारी फौजा बाळगत आणि त्यांचे सेनापती करार करून लढत. ब्राच्चो त्यांतला अव्वल. सगळी फौज एकदम अंगावर न घालता तो तिच्या लहान तुकड्या पाडायचा आणि त्या आळीपाळीने पुढे पाठवायचा. समोरचे थकत जात आणि याचे लोक ताजेतवाने राहत. 1416 मध्ये त्याने पेरूजा जिंकलं. सत्ता हाती आल्यावर नुसत्या लढाया न करता त्याने बांधकामंही केली. त्रासिमेनो सरोवराचं पाणी वाढून काठची शेतं बुडत, तर ते पाणी बाहेर काढायला त्याने भुयारी कालवा खणून घेतला. मला ब्राच्चो आवडतो तो या कालव्यामुळे.

त्याचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी मुत्सिओ आत्तेन्दोलो स्फोर्झा. पुढे मिलानवर राज्य करणारं स्फोर्झा घराणं याचंच. लाक्विला शहरासाठी दोघे समोरासमोर येणार होते. जानेवारी 1424 मध्ये पेस्कारा नदी ओलांडताना स्फोर्झा बुडून मेला. त्याच जूनमध्ये लाक्विलाच्या लढाईत ब्राच्चो जखमी झाला, पकडला गेला आणि तीन दिवसांनी गेला. पोपने त्याला बहिष्कृत केलेलं असल्यामुळे रोमजवळ अपवित्र मानलेल्या जमिनीत त्याला पुरलं. आठ वर्षांनी पुतण्याने अस्थी पेरूजाला आणल्या.

ब्राच्चोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या बाजूने लढला. त्याच्या सेवेबद्दल 1473 मध्ये व्हेनिसकडून त्याला येशूच्या काटेरी मुकुटातला एक काटा मिळाला, तो त्याने आपल्या गावाला दिला. आज तो मोंतोनेच्या मुख्य चर्चमध्ये आहे आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी लोकांना दर्शनासाठी बाहेर काढतात. ऑगस्टमध्ये त्याचाच मोठा उत्सव होतो. गावाचे तीन भाग एकमेकांशी स्पर्धा करतात, जुन्या पोशाखात मिरवणुका निघतात आणि कार्लोची पत्नी मार्गेरिता मालातेस्ता हिचा मान गावातल्या एका मुलीला मिळतो. कार्लोचं पुढे पोपशी बिनसलं. पोप सिक्स्टस चौथा याच्या फौजेने मोंतोनेला वेढा घातला आणि नंतर ब्राच्चोचा किल्ला पाडून टाकला. आज त्याचे अवशेष तेवढे उरले आहेत, भोवती झाडं आणि बसायला बाकं आहेत.

सान फ्रान्चेस्को हे चौदाव्या शतकातलं चर्च आता संग्रहालय आहे. बाहेरून अगदी साधं, आत एकच लांब दालन आणि भिंतींवर चित्रं. बार्तोलोमेओ कापोराली या पेरूजाच्या चित्रकाराने 1482 मध्ये रंगवलेली मिरवणुकीची पताका इथे आहे. उंब्रियात साथीच्या रोगांच्या काळात अशा पताका घेऊन लोक गावातून फिरत आणि मेरीला साकडं घालत. या पताकेत खाली तेव्हाचं मोंतोने रंगवलेलं आहे. वहिनी चित्रातली घरं आणि बाहेरची घरं जुळवत बसली आणि आम्हाला तिथून हलवायला बराच वेळ लागला. लुका सिन्योरेल्लीने 1515 मध्ये याच चर्चसाठी केलेलं एक वेदीचित्र मात्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते इथेच असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. तीस पावलांवरून दिसणाऱ्या डोंगरांच्या सोबतीने ते बघण्यात जे आहे, ते लंडनच्या भिंतीवर कसं असणार?

आता ज्यासाठी मी इथवर आले, त्याबद्दल.

मोंतोनेमध्ये, दुसऱ्या महायुद्धात इथे लढताना पडलेल्या नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. सूर्यघड्याळाच्या रूपातलं, जुलै 2023 मध्ये उभारलेलं. गावच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या युद्ध-इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यासाठी पुढाकार घेतला. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, या अर्थाचं लॅटिन वचन त्याचं ब्रीद आहे. उंब्रियातल्या एका लहान गावात मराठी माणसाचं नाव वाचताना काय वाटतं ते मला नीट लिहिता येईल असं नाही. दादाने चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. जन्म 16 नोव्हेंबर 1921. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते. 4 जून 1944 रोजी रोम दोस्तांच्या हाती आलं, 20 जूनला पेरूजा आलं आणि जर्मन फौज उत्तरेकडच्या गॉथिक तटबंदीकडे, म्हणजे डोंगरांत आडव्या बांधलेल्या आपल्या संरक्षणफळीकडे, मागे सरकू लागली. सरकताना ती प्रत्येक कड्यावर थांबून लढत होती. टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांचा पाठलाग करायचं काम दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे आलं होतं.

10 जुलैला घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे ठार झाले किंवा जखमी होऊन पडले. ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या, नवी मॅगझिन चढवायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केलं. मोर्चा हाती आला आणि तेवढ्यात लपलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना गोळ्या घातल्या. ते तिथेच पडले, वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, मिळाला. माणगावात तहसील कार्यालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात जाणारे किती लोक त्याच्या जवळून जातात आणि किती जणांना मोंतोने हे नाव ठाऊक असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

इटलीत तेव्हा 50,000 हून अधिक भारतीय सैनिक लढले. त्यांतले 5,782 परत आले नाहीत. या मोहिमेत दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीय सैनिकांचे होते. मराठा रेजिमेंटचा दुसरा क्रॉस नामदेव जाधव यांचा, 9 एप्रिल 1945 चा, सेनिओ नदीच्या काठचा. ते वाचले आणि घरी परतले. हे इंग्रजांसाठी लढले, मग त्यांचं काय एवढं, असं बोलणारे लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या गावांतून आलेली ही मुलं होती. शेजारच्या निक्कोने खोऱ्यात, पेनेतोला नावाच्या वाडीत जर्मन सैनिकांनी 28 जूनच्या पहाटे बारा जणांचा घरातच बळी घेतला होता. अशा खोऱ्यात आपले लोक चढून आले. इथल्या माणसांनी त्यांची आठवण ठेवली आहे, मग आपण ती बाजूला का ठेवावी?

संध्याकाळी आम्ही पडक्या किल्ल्याच्या बाजूला जाऊन बसलो. एका अंगाला टायबरचं रुंद खोरं, चौकोनी शेतं आणि त्यांच्या कडेने जाणारा महामार्ग. दुसऱ्या अंगाला कार्पिना ओढ्याची अरुंद, झाडीची दरी आणि तिच्यामागे आपेनाईन डोंगरांच्या निळ्या रांगा. इथून पाहिलं की 1944 ची लढाई डोळ्यांनी कळते. मुख्य खोरं उत्तर-दक्षिण, आणि त्याला दोन्हीकडून मिळणारे ओढे आडवे. त्यामुळे एक धार जिंकली की समोर ओढा, ओढा ओलांडला की पुन्हा चढ, आणि त्या चढाच्या माथ्यावर मशीनगन. खालचे पूल उडवलेले, रस्त्यांत सुरुंग पेरलेले. गाड्या जाणार नाहीत तिथे खेचरांवरून पाणी आणि दारूगोळा वर जायचा. आमच्यासाठी जी धार केवळ दृश्य होती, ती चढताना एकेकाचा जीव गेला होता. मावळतीचं ऊन आधी दरीतून गेलं, मग शेतांवरून, आणि डोंगरमाथ्यांवर बराच वेळ रेंगाळलं. या गावाहून सुंदर दृश्य मी इटलीत पाहिलं नाही, आणि मी तोस्कानाही फिरले आहे.

कार्पिनाच्या खोऱ्यावर रोक्का द'आरिएस नावाचा एक डागडुजी केलेला जुना किल्ला आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेलो. आत जाता आलं नाही तरी चालतं. किल्ल्याच्या पायथ्यापासून मोंतोने पूर्ण दिसतं, तट, घरं, मनोरे सगळं एका नजरेत. फोटो काढायचा तर इथून, आणि सकाळीच.

खाण्याबद्दल थोडं. इथे तोर्ता आल तेस्तो मिळते. गव्हाच्या पिठाचा जाड गोळा थापून तव्यासारख्या गरम सपाट दगडावर किंवा लोखंडावर भाजतात, आपल्या जाड भाकरीची सख्खी बहीणच. मधून कापून आत चीज आणि परतलेली पालेभाजी घालून मागा, शाकाहारी माणसाचं पोट छान भरतं. उंब्रियातला नेहमीचा पाव मात्र बिनमिठाचा असतो, त्याला सवय लागते. शरदात कंदासारखी जमिनीखाली वाढणारी ट्रफल बुरशी सगळीकडे असते. तिचा वास उग्र, पण साध्या शेवयांवर किसलेली ती मला फार आवडली.

जाणार असाल तर असं करा. रोमहून मोटारमार्गाने ओर्ते गाठा, तिथून ई-45 रस्ता धरा. तेर्नी आणि पेरूजा मागे टाकत तो थेट उम्बेर्तिदेला येतो. मोंतोनेत निदान एक रात्र राहा. संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून शनिवार-रविवार धरून या. ऑगस्टच्या उत्सवात यायचं असेल तर खोली खूप आधी ठरवा. पुढे चित्ता दि कास्तेल्लोवरून सान्सेपोल्क्रोला जा आणि तिथलं पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं पुनरुत्थानाचं भित्तिचित्र बघा. मग आरेत्सोमार्गे फ्लॉरेन्सचा रस्ता धरा. आरेत्सोच्या वायव्येला, इन्दिकातोरे गावाजवळ राष्ट्रकुलाची युद्ध दफनभूमी आहे. तिथे या मोहिमेत पडलेल्या भारतीय सैनिकांच्या पुष्कळ कबरी आहेत. वाट वाकडी करावी लागत नाही. अर्धा तास काढा, नोंदवही उघडा आणि नावं मोठ्याने वाचा.