काळी रेघ

निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार काका मार्चमध्ये वरच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या स्कॅनसाठी आमच्या नाशिकच्या केंद्रात आले. दाढेचे रूट कॅनाल झालेले होते, टाळूकडच्या मुळात धातूचा पोस्ट, म्हणजे आधारासाठी बसवलेली बारीक कांडी, होता, वर कॅप होती आणि तरीही चावताना दाढ ठणकत होती. दंतवैद्यांच्या चिठ्ठीवर एवढेच होते : ‘सीबीसीटी, वरचा जबडा.’ सीबीसीटी म्हणजे दात-जबड्याचा त्रिमितीय क्ष-किरण स्कॅन. काय शोधायचे आहे ते न लिहिता चिठ्ठी पाठवण्याची आपल्याकडची सवय मला दरवेळी खटकते, कारण प्रश्न ठाऊक नसेल तर किती भागाचा स्कॅन घ्यायचा हे ठरवता येत नाही. एका दाढेपुरते 5 × 5 सेंटिमीटरचे क्षेत्र घेतले, तर 0.1 मिलिमीटरच्या आसपासच्या व्हॉक्सेलमध्ये (त्रिमितीय चित्राचा सर्वांत लहान ठोकळा) मुळातली बारीक नळीही ओळखता येते; अख्खा जबडा घेतला की आमच्या यंत्रावर तोच व्हॉक्सेल 0.25 मिलिमीटरचा होतो. मी फोन करून विचारायला हवे होते. बाहेर रुग्ण खोळंबले होते, म्हणून चिठ्ठीप्रमाणे अख्खा जबडा घेतला.

“मॅडम, काढायची असेल तर काढून टाका, माल उतरवायचा आहे,” काका म्हणाले.

आडव्या छेदात गालाकडच्या पुढच्या मुळावरून एक काळी रेघ गेलेली दिसली. मुळाला उभी चीर गेली असेल तर ती अशीच दिसते आणि तशी दाढ सहसा वाचत नाही. पण धातूचा पोस्ट आणि नळीत भरलेला गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ यांतून जाताना किरणांचा कमी ऊर्जेचा भाग शोषला जातो आणि दोन दाट वस्तूंना जोडणाऱ्या ओळीत अगदी अशीच काळी पट्टी उमटते. हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. तरीही अहवालात लिहिले : ‘मुळाला उभी चीर असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला सुरक्षित ठेवते, वाचणाऱ्याला मात्र काहीच सांगत नाही. दंतवैद्यांनी त्याचा अर्थ ‘चीर आहे’ असा घेतला आणि हिरडीची खोली मोजून किंवा हिरडी उघडून खात्री न करता दोन दिवसांत दाढ काढली. त्यांनी घाई केली असे मला आजही वाटते. परंतु घाईला आधार माझ्या वाक्याचा होता.

त्यांनी दाढ बाटलीत घालून माझ्याकडे पाठवली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. मिथिलीन ब्लू हा निळा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली मूळ सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिले. चीर कुठेही नव्हती. मग मुळाचा आडवा काप घेतला. भरलेली नळी मध्यभागी नव्हती, गालाच्या बाजूला सरकलेली होती, आणि टाळूच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा एक निळा ठिपका होता : कधीच न भरलेली दुसरी नळी. वरच्या पहिल्या दाढांपैकी निम्म्याहून अधिक दाढांत या मुळाला दुसरी नळी असते.

त्या रात्री स्कॅन पुन्हा उघडला. गटापर्चा तिथेही एका बाजूला सरकलेला दिसत होता, आणि तेवढ्यावरूनच न भरलेल्या नळीचा संशय घ्यायला हवा होता. हाड फक्त मुळाच्या टोकाशी झिजले होते, चिरेत ते बहुधा मुळाच्या कडेने झिजते. आणि ती रेघ मुळाच्या कडेवर थांबत नव्हती, हाडातून सरळ पोस्टच्या दिशेने गेली होती. दाताची चीर हाडात शिरत नाही. सगळे समोर होते. मी रेघेकडे पाहिले, रेघ कुठे संपते ते पाहिले नाही.

आता चिठ्ठीत प्रश्न नसेल तर मी आधी फोन करते आणि ते वाक्य अहवालाच्या साच्यातून काढून टाकले आहे. काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचे ठरले असून काका जूनमध्ये त्याच जागेच्या स्कॅनसाठी येणार आहेत. दाढ कदाचित वाचली असती, हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही. ते मीच सांगणार आहे.